नाव काकांचं, पेटी ताईची

आप्पा सकाळी शेडमध्ये गेले. जेवायला आले नाहीत म्हणून आईने ताईला बघायला पाठवलं. ताईने तिथून हाक मारली ती आईला नाही, शेजाऱ्यांना. आप्पा पालखीच्या दांड्याशेजारी पडले होते. रंधा हातात होता.

आम्ही मेस्त्री. गावच्या देवाची पालखी घडवायचा मान आमच्या घराचा. पिढ्यान् पिढ्या मान होता याचा अर्थ एवढाच, की वाळवीने जुनी पालखी खाल्ली की गावाला आमची आठवण यायची. त्या वर्षी तशी आली. गावची निम्मी माणसं मुंबईत, त्यामुळे गावचं मंडळही मुंबईत. मंडळाने गावाहून फणसाचं लाकूड टेम्पोत घालून मुलुंडला आमच्या चाळीमागे आणून टाकलं आणि शिमग्याला पालखी नाचली पाहिजे असं सांगून, चहा पिऊन त्यांची माणसं निघून गेली. आप्पांनी लाकूड सुकू दिलं, मग कापलं. चौकट झाली, खूर झाले, कमान झाली. दांड्याला शेवटचा हात फिरवायचा राहिला होता आणि चौकटीवरची नक्षी सगळीच राहिली होती.

शेड म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. एका बाजूला कारखान्याची भिंत होती, तिच्या पलीकडे दिवसभर काहीतरी ठोकत असत, आणि भोंगा झाला की ते थांबे, तेव्हा आमच्या शेडमधला आवाज ऐकू यायचा. आप्पा सकाळी चहा घेऊन आधी दगडाजवळ बसत. काळा कुरुंदाचा दगड, लाकडी खोबणीत बसवलेला. त्याच्यावर पाण्याचे थेंब टाकायचे आणि पटाशी पुढेमागे घासत राहायची. तो आवाज एका लयीत चालायचा आणि मी त्याच आवाजात अंथरुणातून उठायचे. धार लागली की आप्पा मनगटावरचे केस कापून बघत. त्यांच्या डाव्या मनगटावर केसच नव्हते. रंधा चालू झाला की लाकडाची कुरळी सालपटं पडत. आई ती गोणीत भरून ठेवायची आणि आंघोळीच्या बंबात घालायची. फणसाचं काम चाललं असेल तेव्हा आंघोळीच्या पाण्यालाही वास यायचा. मी शाळेत जाताना तो वास केसांत घेऊन जायचे आणि वर्गातल्या मुली विचारायच्या, तुझ्या घरी रोज फणस असतो का गं?

मी शेडमध्ये वाचत बसायचे, लाकडाच्या थप्पीवर. ताई मात्र काम करायची. आप्पांना मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मुलीला शिकवलं असं चाळीत म्हणत, पण ते खरं नव्हतं. आप्पांनी तिला शिकवलं नाही, ती तिथून हललीच नाही. आधी लाकडाचं दुसरं टोक धरायला उभी राहिली, मग धार लावायला बसली, मग एक दिवस पाट केला. तो पाट डुगडुगायचा. आई त्याच्यावरच बसून भाकऱ्या थापायची आणि डुगडुगली की ताईकडे बघायची. ताई चिडायची. ती फार लवकर चिडायची, शेवटपर्यंत.

आप्पांची हत्यारं काही थोर नव्हती. हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण आता जुन्या हत्यारांबद्दल गळा काढणारी माणसं फार झाली आहेत. ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद लोहाराकडून ठोकून घेतलेल्या पटाश्या होत्या. एकीची मूठ सारखी निसटायची आणि आप्पा तिला माणसासारख्या शिव्या घालायचे. करवत किरकिरायची. पण धार त्यांनी स्वतः लावलेली असायची, आणि कोणती पटाशी कुठे दगा देते हे त्यांना ठाऊक असायचं.

आता भाऊकाकांबद्दल. आप्पांचे धाकटे भाऊ मस्कतहून कायमचे परत आले ते आमच्याच घरी उतरले. तिथे ते एका कंपनीत हत्यारांच्या कोठीवर होते. सकाळी मिस्त्री लोकांना हत्यारं काढून द्यायची, संध्याकाळी परत घ्यायची. पुसायला वेगळा माणूस होता, धार लावायला आणखी वेगळा. काकांनी तिथे वर्षानुवर्षं हत्यारं या हातातून त्या हातात दिली आणि त्यातून त्यांना आपण कारागीर आहोत असं वाटायला लागलं. येताना त्यांनी एक पेटी आणली. लाल रंगाची, पितळी कोपऱ्यांची, आत हिरवं मखमल. मखमलात प्रत्येक हत्याराच्या मापाचा खड्डा. पटाश्या, एक लोखंडी रंधा, काटकोन बघायचा एक गुण्या. काका ती पेटी बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर ठेवत. पाहुणे आले की उघडत. पाहुण्यांनी हात पुढे केला की मिटत.

"ओरिजिनल जर्मन," ते म्हणायचे. "हात नाय लावायचा. घामाने डाग पडतो."

"मग वापरायची कशी?" ताईने एकदा विचारलं.

"तू नको काळजी करू. वापरणाऱ्याला कळतं."

आईला ते सांगत, "वैनी, स्वस्तातलं हत्यार म्हणजे आपल्याच हाताचा अपमान. दादाला मी किती वेळा सांगितलं."

"हात तरी दाखवा आधी, भावजी," आई म्हणायची आणि कुळथाची पिठी वाढायची. काका जेवायला बसले की हात दिसायचे. चांगले मऊ होते.

आप्पांच्या तेराव्याला काकांनी घरातला कर्ता पुरुष म्हणून सगळं हातात घेतलं. गेलेल्या माणसाची वापरातली वस्तू घरात ठेवू नये, दान करावी, म्हणजे जीव अडकत नाही, असं त्यांनी सांगितलं. छत्री दिली, चपला दिल्या, अंथरूण दिलं. आणि आम्ही आत स्वयंपाकात होतो तेवढ्यात शेडमधली हत्यारंही गोणीत भरून भटजींच्या सायकलला बांधली. ताई बाहेर आली तोवर सायकल गेली होती. ती अनवाणी रस्त्यापर्यंत धावली. भटजी नाक्यावर भेटले, पण गोणी त्यांच्याकडे नव्हती. त्यांना तरी पटाश्यांचं काय करायचं होतं? त्यांनी ती भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली होती, आणि भंगारवाल्याने ती ढिगात ओतली होती. ताई त्या ढिगात हात घालून शोधत राहिली. तिला निसटणारी मूठ तेवढी सापडली, पातं नव्हतं.

दगड मात्र राहिला. तो दानात गेला नाही, कारण सायकलवर न्यायला जड होता.

त्या दिवशी ताईने जेवण केलं नाही. ती मला म्हणाली, "मंदे, पालखी मी पुरी करणार. पण कशाने करू? नखांनी?" टीव्हीवर लाल पेटी होती आणि किल्ली काकांच्या बनियनच्या आत, जानव्याला.

आमच्या टॉवरमध्ये, म्हणजे जिथे ती चाळ होती तिथेच आता उभ्या असलेल्या इमारतीत, खालच्या मजल्यावर एक सद्गृहस्थ राहतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांना सुतारकामाचा छंद लागला आहे. गॅलरी बंद करून त्यांनी वर्कशॉप केलं आहे. भिंतीवर प्रत्येक हत्याराची काळी आकृती काढलेली, म्हणजे कोणतं कुठे टांगायचं ते चुकू नये. मशीन जपानी, पटाश्या स्वीडनच्या, स्क्रू कुठले ते मला त्यांनी सांगितलं होतं, मी विसरले. मला बोलावून कौतुकाने सगळं दाखवलं. मी विचारलं, यावर काय काय केलंत? त्यांनी दाराजवळची किल्ल्या अडकवायची फळी दाखवली. ती एका बाजूला उतरती आहे. "लेव्हल चुकीची निघाली," ते म्हणाले, "आता लेझरवाली मागवलीय." त्यांच्याकडे बघून मला भाऊकाकांचा राग जरा कमी आला. काका एकटे नव्हते, एवढंच. हा संप्रदाय आहे आणि तो वाढतो आहे.

आप्पा गेल्यावर मंडळाची माणसं चुळबुळायला लागली. मान मेस्त्र्यांचा खरा, पण मेस्त्री आता कोण? काकांनी छाती काढून सांगितलं, मी आहे. सांगितलं, पण शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. आज अमावस्या, उद्या कंबर धरली, परवा हवा दमट. शेवटी मंडळाने निरोप पाठवला की दसऱ्याला येऊन बघतो. काम पुढे सरकलं नसेल तर पालखी उचलून भांडुपच्या एका मशीनवाल्या कारखान्यात देतो. म्हणजे आप्पांनी शेवटी हात लावलेलं लाकूड आमच्या दारातून जाणार होतं, आणि त्याबरोबर मानही. ताई रोज संध्याकाळी पालखीवरची धूळ पुसायची. दुसरं काही करता येत नव्हतं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. दुखवट्याच्या वर्षात आमच्याकडे सण नव्हता, पण हत्यारांची पूजा चुकवायची नाही असं काकांनी जाहीर केलं. पेटी शेडमध्ये आणली. पाटावर पांढरं कापड घालून जर्मन हत्यारं ओळीत मांडली. मी मदतीला होते. आप्पा दरवर्षी पूजा करायचे तेव्हा आई कुंकू तेलात कालवून द्यायची आणि आप्पा करंगळीने एकेक टिपका मुठीवर लावायचे, पात्यावर कधीच नाही. काकांनी तांब्यातून पाणी घेतलं. हळद ओली, कुंकू ओलं. पात्यांवर बोटं ओढली, वर दूर्वांनी पाणी शिंपडलं, झेंडूची फुलं वाहिली.

आई दारातच थांबली. "भावजी, लोखंडाक पाणी नको. कुंकू तेलात कालवा."

"वैनी, हे लोखंड नाही, पोलाद आहे. जर्मन."

"जर्मन झाला तरी गंजताच."

"शास्त्रात तेल नाही," काका म्हणाले. शास्त्र म्हटलं की आई गप्प व्हायची. काकांना ते चांगलं ठाऊक होतं.

पूजेला बसवलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, हा नियम. ताई लावील अशी काकांना भीती होती. म्हणून त्यांनी सगळी हत्यारं तशीच, ओल्या हळदीकुंकवासकट, फुलांसकट, मखमलात बसवली, झाकण लावलं, कुलूप घातलं आणि पेटी परत टीव्हीवर नेऊन ठेवली. टीव्ही चालू होता. खालून ऊब, आत ओल. याहून चांगली सोय गंजालाही मागता आली नसती.

दसऱ्याला सकाळी मंडळाचे अध्यक्ष तात्या आले, बरोबर आणखी दोघं. आईने काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे केले होते. सण नव्हता, पण माणसं आली होती. ती पोटभर जेवली, हात धुतले आणि शेडमध्ये येऊन लाकडाच्या थप्पीवर माझ्या जागेवर बसली. काकांनी किल्ली काढली. झाकण उघडताच आधी वास आला, कुजलेल्या झेंडूचा. मग आम्ही आत वाकून पाहिलं. मखमलावर पिवळे-तांबडे ओघळ आणि प्रत्येक पात्यावर तपकिरी डाग, अगदी बोटांनी ओढल्यासारखे. बोटांनीच ओढलेले होते ते.

"पूजेचं आहे," काका म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने पुसायला लागले. कुंकू गेलं. डाग राहिले. एरवी माणूस इथे थांबला असता. पण प्रेक्षक बसले होते. काकांनी रंधा उचलला आणि थेट पालखीच्या दांड्याजवळ गेले. "फरक बघा आता," ते तात्यांना म्हणाले. "साध्या रंध्याने जे दिवसभरात व्हायचं, ते..."

ताई म्हणाली, "काका, लाकडाची शीर उलटी आहे. त्या बाजूने नका."

काकांनी त्याच बाजूने रेटला. कारखान्यातून नवीन आला तसाच रंधा, पात्याला दगड कधी दिसलेला नाही, पातं बाहेर किती काढायचं ते माहीत नाही, आणि लाकूड उलटं. करकर आवाज झाला आणि दांड्याची खपली निघाली, तळहाताएवढी, नेमकी भोयाच्या खांद्यावर येते त्या ठिकाणी. आप्पांनी गुळगुळीत केलेल्या जागेत.

पलीकडे कारखान्याला सुट्टी होती, त्यामुळे तो आवाज सगळ्यांना नीट ऐकू आला. मग तात्या म्हणाले, "भाऊ, मेल्या, पालखी करतंस काय सुरण सोलतंस?"

ताईने काकांच्या हातातून रंधा घेतला. काकांनी दिला, त्यांना तो आता नकोच होता. तिने पातं सोडवलं आणि दगडाजवळ जाऊन बसली. आई आतून पाण्याची वाटी घेऊन आलीच होती. "आता पाणी," आई म्हणाली, आणि वाटी जरा जोरातच ठेवली. घासण्याचा आवाज सुरू झाला. आप्पा गेल्यापासून तो आवाज घरात झाला नव्हता. मी थप्पीच्या कडेला उभी होते. मला रडायला आलं ते तेव्हा, तेराव्याला आलं नव्हतं.

वेळ लागला. गंज वरवरचा होता, तो गेला. पण पात्याचा पाठचा भाग सपाट नव्हता, जर्मन असूनही. ताई तो घासत बसली. घाईत तिचं बोट कापलं, तिने ते तोंडात धरलं आणि दुसऱ्या हाताने घासत राहिली. तात्यांना दोनदा चहा झाला. मग तिने मनगटावरचे केस कापून पाहिले, पातं पुसलं, तेलाचा हात फिरवला, रंध्यात बसवलं, एका डोळ्याने खालून पाहिलं आणि दांड्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. पहिलं सालपट अडखळलं. तिने पातं जरा आत घेतलं. दुसरं अख्खं आलं, दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तात्यांच्या पायाशी पडलं. त्यांनी ते उचलून उजेडाला धरलं. पलीकडचं दिसत होतं.

खपली घालवायला सगळा दांडा उतरवावा लागणार होता. आप्पांनी केला होता त्यापेक्षा तो बारीक होणार होता. तात्यांनी विचारलं, पेलेल का? ताई म्हणाली, पेलेल.

मंडळाची माणसं बाहेर जाऊन कुजबुजली आणि परत आली. तात्यांनी घसा साफ केला. "पालखी हंयच होऊ दे. घर मेस्त्र्यांचाच. पण नाव भाऊचा लागतला. मान पुरुषाचा असता, पोरी. बाईचं नाव पालखीवर कसं घालणार? गाव काय म्हणेल?"

मला वाटलं, ताई आता भडकणार. ती भडकली नाही. तिने काकांकडे पाहिलं.

"घाला काकांचं नाव," ती म्हणाली. "पेटी मला द्या."

काकांचा चेहरा पडला. "पेटी? अगं, ती जर्मन आहे!"

"मग जर्मनीला सांगा पालखी करायला."

तात्या हसले, बरोबरचे दोघे हसले. काकांना पर्याय राहिला नाही. ते जानव्याची किल्ली सोडवायला लागले, पण गाठ सुटेना, तेव्हा आईने पुढे होऊन ती सोडवली. तिच्या हाताने गाठी छान सुटायच्या.

पालखी शिमग्याआधी झाली. नक्षी ताईची, आप्पांच्या आखणीवरून, पण वेल तिने स्वतःचा घातला. मुलुंडच्या एका हॉलमध्ये मंडळाने सत्कार केला. काकांना शाल, श्रीफळ. वक्त्यांनी सांगितलं की परदेशातलं ज्ञान आणि परदेशी बनावटीची हत्यारं गावच्या सेवेला लावणारे भाऊ मेस्त्री हे तरुणांनी डोळ्यांसमोर ठेवावेत. टाळ्या झाल्या. काकांनी भाषणात चांगल्या हत्याराला पर्याय नाही असं सांगितलं. ताई मागच्या खुर्चीवर बसून वेफर्स खात होती. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "काय बघतेस? खारे आहेत. घे." पालखीच्या पुढच्या बाजूला पितळी पट्टी ठोकली: घडवणारे, भाऊ मेस्त्री, मस्कत.

त्या पेटीवर ताईने पुढे आयुष्य काढलं. शेड होती तोवर शेडमध्ये, मग नाहूरला एका गाळ्यात. देव्हारे, चौरंग, पोळपाट. लग्न केलं नाही, त्याची कारणं वेगळी होती. काकांनी पुढे तिच्याकडे कधी पेटी मागितली नाही, पण पाहुण्यांना सांगत राहिले, "आमच्याकडे एक जर्मन सेट आहे."

मी ग्रंथालयात नोकरी केली, पुस्तकांत राहिले, आणि हा एक वाद आम्हा बहिणींत म्हातारपणापर्यंत चालला. मी म्हणायचे, "त्या पेटीची किंमत तू जास्त दिलीस." ती म्हणायची, "नाही गं. पोलाद चांगलं आहे. आप्पांच्या पटाशीची धार जेवणापर्यंत उतरायची, हिची संध्याकाळपर्यंत पुरते."

"त्यासाठी नाव द्यायचं?"

"नावाने देव्हारे होतात का? आणि धार लावावी लागतेच. जर्मन असो नायतर कुर्ल्याची."

मला ते तेव्हा पटलं नाही, आताही पटत नाही. संध्याकाळपर्यंत टिकणारी धार ही चांगली गोष्ट आहे, हे मी मान्य करते. पण ज्याने ती पेटी मिरवली त्याला तिने एक रेघही सरळ मारून दिली नाही, आणि जिच्या हातात ती चालली तिला पेटी मिळावी म्हणून पालखीवरून उतरावं लागलं. दुकानात लावलेली किंमत मला माहीत नाही. आमच्या घरात लागलेली किंमत ती होती.

ताई गेली. सगळं आवरताना खालच्या मजल्यावरचे सद्गृहस्थ मदतीला आले, आणि पेटी बघून त्यांचे डोळे चमकले. "काकू, हे व्हिंटेज आहे. मला द्याल का? योग्य ती किंमत देईन."

"वापराल?"

"छे छे! भिंतीवर लावीन. वरून एक फोकस लाइट सोडीन."

मी पेटी मिटली.

ती माझ्या कॉटखाली आहे. मखमल कसरीने खाल्लं आहे, ओघळांचे डाग तेवढे शाबूत आहेत. पटाश्या घासून घासून आखूड झाल्या आहेत. एकीची तर मूठच जास्त, पातं कमी. दगड स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, मधोमध खोलगट. मी त्यावर विळीच्या पात्याला धार लावते. पालखी गावात आहे आणि तिच्यावर काकांचं नाव आहे.